हाडांच्या मोळीतला पाचवा कप्पा

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज, कारण आज माझं तुझ्याकडे काम आहे. फोन करून उपयोग नाही. मागच्या वेळी मी तब्येत विचारली तर तू मला गच्ची कुठे कुठे गळते ते सांगितलंस. पस्तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये त्या घासायच्या मशीनपाशी बसून कान गेले, हे मान्य. पण डोळे शाबूत आहेत, तेव्हा हे पत्र नीट वाच आणि मुद्द्याला धरून उत्तर दे.

मी पुस्तक लिहितेय. दिवसभर छापखान्यात लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढते, तेव्हा एकदा आपणही चुका करून बघाव्यात म्हटलं. पुस्तक आहे ‘हाडांची मोळी’चं चरित्र. हो, तोच बँड. ज्यांच्यानंतर तोंडाला पांढरं फासून, डोळ्यांभोवती काळं करून भुताखेतांची गाणी म्हणणारे पन्नास बँड निघाले आणि पन्नासही जण म्हणतात, आम्ही यांचं बघून शिकलो. हॉरर पंकवर इथे कुणी काही लिहायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते. एप्रिलअखेर मजकूर प्रकाशकाला द्यायचा आहे.

त्यांचे सुळे तू करायचीस हे मला आत्ता, एकतिसाव्या वर्षी, एका जुन्या मुलाखतीतून कळतंय. सख्खी मावशी ना तू माझी? आईला विचारलं तर म्हणाली, करत असेल, मला काय ठाऊक. तिला हा गोंगाट मुळीच सोसत नाही. लहानपणी रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की हातातलं काम टाकून उठायची आणि बंद करायची. म्हणून पुस्तकाचं तिला खरं सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी छपाईच्या यंत्रांचा इतिहास लिहितेय. तूही बोलू नकोस.

मला तीन गोष्टी हव्यात. सुळे कसे करायचीस, ही माणसं कशी होती, आणि पहिल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ती जी अकरा सेकंदांची किंचाळी आहे, ती काढताना तू तिथे होतीस का. माझं तिसरं प्रकरण त्या किंचाळीवरच उभं आहे.

तुझी,
ढमी


१३ फेब्रुवारी

ढमे,

गच्ची अजून गळतेच आहे. आता मुद्दा.

सुळे करणं म्हणजे कवळी करण्यासारखंच. ट्रेमध्ये लगदा घालून तोंडात दाबायचा, माणसाला उलटी यायच्या आत काढायचा. त्या मापात प्लास्टर ओतलं की दातांचा साचा मिळतो. साच्यावर मेणाचे सुळे घडवायचे, मग मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक, मग घासून चकचकीत. दुकानात मिळणारे खोटे सुळे गाताना तोंडातून उडतात. पहिल्याच कार्यक्रमात गायकाचा सुळा पुढच्या रांगेतल्या बाईच्या पर्समध्ये गेला, तेव्हा चौघं माझ्याकडे आले. आमच्या लॅबच्या मागे प्लास्टरची पोती ठेवायची खोली होती. पुढे ते तालीमही तिथेच करायला लागले. मालक दुपारी घरी जायचा, तो परत येईपर्यंत यांची भुतं नाचून घ्यायची. पांढऱ्या रंगाला कधी पदरचा खर्च झाला नाही, पोतं झटकलं की चौघांची तोंडं रंगायची.

त्यांच्यात एकमेकांना नावाने हाक मारायची नाही असा नियम होता. रंग चढला की नाव उतरलं. गायक तो कवटी, गिटारवाला बरगडी, बासवाला मणका आणि ड्रम वाजवणारा टाच. कवटी फार गोड माणूस होता, गेला बिचारा. बरगडी परदेशी गेला. मणका अबोल. टाच तेव्हाही सायकली दुरुस्त करायचा आणि आताही करतो, त्याला जाऊन भेट.

आणखी एक नियम लिहून घे, तुझ्या पुस्तकात शोभेल. बँडमध्ये घेतलं असं ते कुणाला तोंडाने सांगत नसत. सुळे करवून घ्यायचे, पत्र्याच्या डब्यात त्याच्या नावाच्या कप्प्यात ठेवायचे आणि डबा त्याच्यापुढे उघडायचा. कप्प्यात तुझे दात असले तर तू आमचा, नसले तर नाही.

किंचाळीचं मला माहीत नाही. मी कामावर होते.

आईला सांगणार नाही. तिला त्रास देऊ नकोस, जूनमध्ये निवृत्त होतेय, शांतपणे होऊ दे.

मावशी


३ मार्च

मावशी, अगं मावशी,

बसली आहेस ना? नसशील तर बस.

टाचकाकांना भेटून आले. दुकानभर सायकली उलट्या टांगलेल्या आणि मधोमध काका, हाताला ग्रीस, केस अजून खांद्यापर्यंत. मी कोण, कुठली काही न विचारता म्हणाले, जरा हस बघू. मी कसनुसं हसले. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले आणि चहा करायला आत गेले ते चांगले पंधरा मिनिटं. मला वाटलं म्हातारा सटकलाय.

बाहेर आले ते तो पत्र्याचा डबा घेऊनच. त्यात कप्पे चार नाहीत, पाच आहेत. कवटी, बरगडी, मणका, टाच आणि पाचव्यावर लाल रंगात ‘जीभ’. पहिल्या चारांत सुळे आहेत, पाचवा रिकामा. मी विचारलं, हाडांच्या मोळीत ही बिनहाडाची कोण? काका म्हणाले, ‘रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आहे ती. नाव मी सांगणार नाही, रंगाआडचं नाव सांगायचं नाही असं ठरलंय. तुझ्या मावशीला विचार. सांगेल तर ती सांगेल.’ ती, असं म्हणाले. तो नाही.

मी घरी येऊन रेकॉर्डचं वेष्टन भिंगाखाली धरलं. तो प्रसिद्ध फोटो, कवटीचं तोंड आ वासलेलं. आजवर सगळे वरचे सुळेच बघत आले. मी खालचे दात बघितले. खालच्या ओळीत पुढचा एक दात आडवा फिरलाय, अर्धवट उघडलेल्या दारासारखा. माझा फिरलाय ना, अगदी तसाच. आजीचाही असाच होता म्हणे. म्हणजे तो आपल्या घरातला दात आहे.

आता कळलं काका मला हस का म्हणाले. आणि हेही कळलं की तू ‘मी कामावर होते’ असं एका ओळीत का उरकलंस. मावशी, ती किंचाळी तुझी आहे. रंग कवटीचा, आवाज तुझा. आता तुझ्या तोंडात सगळी कवळी, म्हणजे पुरावा तू स्वतःच मोडीत काढलास. पण माझ्याकडे फोटो आहे.

तिसरं प्रकरण नव्याने लिहून काढलं, सोबत पाठवतेय. नाव दिलंय ‘दात करणारी बाई’. दुरुस्त्या लगेच कळव.

तुझ्या अभिमानाने फुगलेली,
ढमी


२४ मार्च

मावशी,

तीन आठवडे झाले. पोस्टमनला विचारलं, पत्र पोचलंय म्हणतो. लाजतेस की रागावलीस? प्रकाशक तर प्रकरण वाचून खुर्चीतून उठला. म्हणाला, एवढी वर्षं सगळे गायकाचीच समजत होते ती किंचाळी. पुढच्या आठवड्यात पानं लावायला घेणार आहेत. तू गप्प राहिलीस तर मी होकार समजेन.

आई मजेत आहे. बसस्थानकात तिच्या घोषणांऐवजी आता नुसती रेकॉर्ड केलेली सूचना लावायची म्हणतात. तिला विचारलं वाईट वाटतं का, तर म्हणाली, माझा आवाज कुणाला हवा होता.

ढमी


३१ मार्च

ढमे,

पानं लावू देऊ नकोस. हे पत्र मी पाचव्यांदा लिहितेय.

ती किंचाळी माझी नाही. तुझ्या आईची आहे.

मी शिकत होते तेव्हा सरावाला आपलं तोंड द्यायला कोण तयार होणार? तुझी आई झाली. दर रविवारी मी तिच्या तोंडात लगदा कोंबायची आणि ती हातवारे करून मला शिव्या द्यायची. सातवं माप धड आलं. तो साचा मी ठेवून दिला, बुडाशी ७ कोरलेला. आडवा फिरलेला दात तिचा आहे. तू झाल्यावर तिने तो घासून घेतला म्हणून तुला कधी दिसला नाही. माझे दात सरळ होते.

पहिल्या रेकॉर्डसाठी त्यांना एका रेडिओ दुरुस्तीवाल्याची मागची खोली दोन दिवस मिळाली होती. पहिली बाजू झाली आणि दुसऱ्या सकाळी कवटीचा घसा बसला. मीठपाणी झालं, वाफ झाली, आवाज काही फुटेना. तुझी आई तिथे नुसती बघायला आलेली. लॅबच्या मागच्या खोलीत माझी वाट बघत बसून तिला सगळी गाणी पाठ झाली होती. तिने कवटीचा रंग लावला, त्याचेच सुळे मेणाने चिकटवले आणि अख्खी दुसरी बाजू गाऊन टाकली. किंचाळी गाण्यात नव्हतीच. मेण सुटून सुळा घशाकडे निघाला म्हणून ती आधी जिवाच्या आकांताने ओरडली आणि मग सुळा जागेवर दाबून तशीच ओरडत राहिली. रेडिओवाला म्हणाला, हे ठेवा. वेष्टनावरचा फोटोही त्याच वेळचा. ऐकलंस ना, मी तिथे होते. सुट्टी काढून गेले होते.

दोन दिवसांनी चौघं माझ्याकडे आले. म्हणाले, साचा तुझ्याकडे आहे, तिला न कळता सुळे कर, आम्ही डबा उघडून तिला दाखवू. दौऱ्यावर दोन आवाज न्यायचे होते त्यांना. कप्पा करून, नाव रंगवून आणलं होतं. तिच्या जिभेला काही हाड नाही, तेव्हा हेच नाव, म्हणून हसत होते.

मी सुळे केले नाहीत. आठवडाभराने त्यांना सांगितलं की ती नाही म्हणते. तिला काहीच सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. नियम तिलाही ठाऊक होता. ती रोज लॅबमध्ये यायची, त्या डब्याकडे बघायची, आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी कवळी असायची. एक दिवस यायची थांबली. तिने समजून घेतलं की आपण नको आहोत. पुढे रेकॉर्ड गाजली, कवटीचं नाव झालं, तोही बोलला नाही. नियम पाळत होता, की सोयीचं होतं, देव जाणे. तुझी आई रेडिओ बंद करायची ती गोंगाटाने नव्हे, ढमे.

तू पोटात होतीस, चौथा महिना. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या दोघींच्या काळजीने केलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. चौघांचे दात मी घडवले, माझ्याच खोलीत ते मोठे झाले, आणि ‘तुझेही सुळे कर’ असं मला कुणी कधी म्हणालं नाही. ती एकदा आली, एकदा ओरडली, आणि तिचा कप्पा तयार. मी जळले. एवढंच आहे ते.

तुझं प्रकरण वाचून मी दोन दिवस खूश होते, हेही सांगून टाकते. गप्प बसले असते तर सगळं माझ्या नावावर चढलं असतं. दुसऱ्यांदा तिचं काढून घ्यायला निघाले होते मी.

खरं ते छाप. फक्त आधी तिला कसं सांगायचं ते मला सुचव.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र कामावर वाचलं. त्या दिवशी मी तपासलेल्या पुस्तकात सतरा चुका राहिल्या.

मी तुझ्यावर चिडलेय. खूप. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटायला नको की ढमीने माफ करून टाकलं. माझी आई तीस वर्षं ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ एवढंच म्हणत आली. घरी अंघोळीतसुद्धा कधी गुणगुणली नाही. मला वाटायचं हिला सूर कळत नाही.

मी ती किंचाळी पुन्हा ऐकली. त्या अकरा सेकंदांत मीही तिथेच होते, आतून ऐकत. हे कळल्यापासून धड रागावताही येत नाहीये.

प्रकाशकाकडून एक महिना वाढवून घेतला. कसं सांगायचं ते विचारतेस? मी सांगणार नाही, आणि तूही नुसतं पत्राने सांगू नकोस. तुमचा नियम आहे ना, असं तोंडाने सांगायचं नसतं. मग सुळे कर. सात नंबरचा साचा काढ आणि कर. डबा मी काकांकडून आणून तुला पाठवतेय.

ढमी


१९ एप्रिल

ढमे,

डबा मिळाला. साचा माळ्यावर होता, कोपरा उडालाय पण दात शाबूत आहेत. लॅब सोडून सहा वर्षं झाली, मशीन लॅबमधल्या जुन्या सोबतिणीकडून मागून आणली. पहिले मेणाचे सुळे मांजराचे वाटले, मोडले. दुसरे बरे झाले. तिसरे केले ते मी आयुष्यात केलेल्यांत सर्वात चांगले आहेत, हे मी अभिमानाने नाही, कारागीर म्हणून लिहितेय.

काल पार्सल रवाना केलं. पाचव्या कप्प्यात सुळे, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत तुला लिहिलं तेच चार ओळींत लिहिलंय, जळल्याची ओळसुद्धा. तिसरं प्रकरणही तू पाठवलेलं तसंच घातलंय. त्यात माझ्या नावावर काट मारून तिचं लिहिलं. तुझं छपाईच्या यंत्रांचं बिंग आता फुटणार, त्याला इलाज नाही.

ती उत्तर देणार नाही असं धरून चालले आहे. तरी टपालाच्या वेळेला दारात जाऊन उभी राहते.

मावशी


२ मे

ताई,

सुळे बसले नाहीत.

वरची डावी दाढ नऊ वर्षांपूर्वी काढली, त्यानंतर तिकडची हिरडी आक्रसली आहे. तू चाळीस वर्षांपूर्वीच्या तोंडाला दात करून पाठवलेस. आरशासमोर लावून बघितले तर डावा लोंबकळतो. तरी बराच वेळ लावून बसले होते.

तुझी चिठ्ठी आली त्या दिवशी मी तीन नंबरच्या फलाटावरची बस पाच नंबरवर पाठवली. नोकरीत पहिल्यांदा. दोनशे माणसं बोचकी घेऊन पळाली, आणि साहेब माझ्या खोलीत आले तर मी डोळे पुसत हसत होते. घरी बोलावून विचारलं तेव्हा तुझ्या भाचीने सगळं ओकलं. म्हणे छपाईच्या यंत्रांचा इतिहास. तिला खोटं बोलणं नीट जमत नाही, ते तुझ्यावर गेलेलं नाही.

आता माझं ऐक. तू मला विचारलं असतंस तर मी बहुतेक नाहीच म्हटलं असतं. पोट पुढे आलं होतं, भीती वाटायची, आणि त्या मेणाच्या वासाने मळमळायचं. पण ते नाही माझं होतं, ताई. ते मला म्हणू द्यायचं होतंस. मी तीस वर्षं समजत राहिले की मी ओरडले ते त्यांना आवडलं नाही. माझा आवाज वाईट आहे असं समजून मी एवढ्या गावाला बसच्या वेळा सांगत बसले. याचा राग मला आहे आणि राहील. तू आलीस की समोर बसून रागावणार आहे, मोठ्याने, म्हणजे तुलाही ऐकू येईल.

काल दुपारी डेपोच्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन एकदा ओरडून बघितलं. सात सेकंद आले. मग खोकला. एक मेकॅनिक बसखालून बाहेर आला, कुणाला लागलं विचारायला. अकरापर्यंत जाईल, अजून वेळ आहे. पुस्तक जुलैमध्ये येणार, त्या दिवशी टाच आणि मणका वाजवणार आहेत आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं मी म्हणणार आहे. तोंडाला रंग लावेन, पण नाव छापायला सांगितलंय. तो नियम आता पुरे झाला.

त्यासाठी नवं माप घ्यावं लागेल. रविवारी ये, सकाळच्या गाडीने. ट्रे मोठा आण आणि लगदा पातळ करू नकोस, मागच्या वेळी घशात गेला होता. तोंड मी उघडते, बाकीचं तू बघ.

आणि डबा परत पाठवत नाहीये. टाचला बोलावून घेतलं होतं, तुझी चिठ्ठी त्यालाही वाचायला दिली. तुझ्या जळण्याची ओळ वाचून तो म्हणाला, हे आम्हाला तेव्हा सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने डब्यात सहावा कप्पा ठोकून दिला. त्यावर लाल रंगात ‘जबडा’ लिहिलंय. कवळीवर सुळे चढतात की नाही ते तुलाच ठाऊक, तेव्हा येताना स्वतःचंही माप घेऊन ये.

तुझी,
जीभ